दोनशे अकरा खडे

ढग तीन आठवडे आधी आले आणि आमच्या मुकादमाचं डोकं फिरलं. मिठागरावर अजून चाळीस वाफे उघडे होते. मीठ धरलेलं, पांढरंशुभ्र, नुसतं उचलायचं बाकी. एक जोराची सर आली असती तर चार महिन्यांच्या उन्हाचं पुन्हा पाणी झालं असतं. मुकादम उजाडल्यापासून बांधावरून पळत होता आणि दिसेल त्याच्यावर ओरडत होता, "पाय उचला, पाय उचला!" गुडघ्याएवढ्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाने पाय कसा उचलायचा, हे मात्र तो सांगत नव्हता.

माझा नवरा लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून बांधाला लावायचा. मी ते पाटीत भरायची आणि डोक्यावरून नेऊन ढिगावर ओतायची. दिवसाला दीडशे पाट्या. मिठाच्या पाण्यात दिवसभर उभं राहिलं की पायाची कातडी आधी पांढरी पडते, मग ताठ होते, मग फाटते. सगळ्यांचीच फाटते, त्याचं कोणी कौतुक करत नाही. पण त्याच्या उजव्या टाचेची भेग या खेपेला माझ्या करंगळीचं पेर आत जाईल एवढी झाली होती. त्यात या घाईच्या तिसऱ्या दिवशी एका जुन्या फळीचा खिळा अंगठ्याखाली घुसला. त्याने तो उपटला, बांधावर फेकला आणि पुन्हा फळी धरली.

"बघू तरी द्या," मी म्हटलं.

"बघून काय वाफा भरणार आहे? चल, पाटी उचल."

चारचौघांत मी नवऱ्याला अहोजाहो करते. मनात काय म्हणते ते विचारू नका. त्या दिवशी मनात बरंच काही म्हटलं आणि पाटी उचलली.

घरी आल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच बसलेल्या असायच्या. बाजूला काचेची बरणी. तो हातपाय धुऊन आला की त्यांच्यापुढे वाकायचा, तोंड उघडायचा. त्या त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या, लांब श्वास ओढून, डोळे मिटून. मग मान हलवायच्या आणि त्याच्या तळहातावर मिठाचा एक खडा ठेवायच्या. तो खडा त्याने स्वतः बरणीत टाकायचा. चाळिशीचा माणूस, सहा फूट उंच, रोज आईपुढे असा आ करून वाकतो. सुरुवातीला मला बघवायचं नाही. त्यालाही लाज वाटायची. पण दारू सोडून घरी आला त्या दिवशी आत्याबाईंनी सांगून टाकलं होतं, "तुझ्या शब्दाचं मला काही सांगू नकोस. शब्द मी वीस वर्षं ऐकले. मला खडा दिसला पाहिजे."

बरणी आता गळ्यापर्यंत आली होती.

सोडणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा आम्ही दोघं दवाखान्यात गेलो होतो. तो स्वतःहून म्हणाला होता, चल, विचारू या काही औषध आहे का. डॉक्टरांनी मान वर न करता ऐकलं आणि म्हणाले, "औषध? तोंड बंद ठेव, हेच औषध." बाकावरची सगळी माणसं हसली. कंपाउंडर तर एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने लाल पेन घेतलं आणि केसपेपरवर सगळ्यात वर, बोटभर उंचीच्या अक्षरात लिहिलं, दारू. खाली दोन रेघा ओढल्या. ही त्यांची तिथली पद्धत होती. लाल अक्षराचा कागद गठ्ठ्यात सगळ्यात खाली जायचा. तुम्ही सकाळी सातला येऊन बसा नाहीतर दुपारी, लाल कागद शेवटी.

तो घरी आला आणि त्याने तोंड बंद ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना! तिसऱ्या दिवशी हातपाय लटलटायला लागले, घामाने अंथरूण भिजलं, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो भिंत खरवडायला लागला. नखं रक्ताने भरली. मला वाटलं, वेड लागलं. दवाखान्यातल्या सिस्टर लसीकरणासाठी गल्लीत आल्या होत्या, त्यांनी आरडाओरडा ऐकला. आत आल्या, त्याची नाडी धरली आणि मला म्हणाल्या, "दारू अचानक तोडली का?"

"डॉक्टरांनीच सांगितलं."

सिस्टरांचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी मोठ्या दवाखान्याची गाडी मागवली, ती येईपर्यंत त्याचा हात धरून बसल्या. "हे नाटक नाही, वेडही नाही. हा आजार आहे. शरीराला सवय लागलेली असते, एकदम तोडली की जीव जाऊ शकतो. औषध देऊन हळूहळू उतरवावी लागते." मोठ्या दवाखान्यात तो आठ दिवस होता. तिथून आला तो बरणीपाशीच.

तर तो खिळा. सहाव्या दिवशी पाय सुजून घोट्यापर्यंत लाल झाला. अंगात ताप. फळी ओढताना तो तोल जाऊन दोनदा बसला. मुकादमाला माणूस हवा होता, म्हणून त्याला दया आली. खोपटातली स्पिरिटची बाटली आणून त्याने पायावर ओतली. ओतली म्हणजे ओततच राहिला. जखम धुतली, पाऊल धुतलं, पँट गुडघ्यापर्यंत चिंब झाली. नवऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि नाक दाबून धरलं. मुकादम म्हणाला, "एवढं काय झोंबतं रे?" झोंबत नव्हतं त्याला. वास येत होता. सात महिन्यांनी तो वास त्याच्याच अंगाला येत होता, आणि हे तिथे एकट्या मला कळत होतं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," मी म्हटलं. मुकादम म्हणाला अर्धा दिवस जाईल. मी म्हटलं, जाऊ दे गेला तर, आणि पाटी त्याच्या पायाशी आदळली.

बांधावरून दवाखाना अर्ध्या तासाचा. आम्हाला तास लागला. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर, आणि माणूस सहा फुटी. कंपाउंडरने केसपेपर काढला, लाल अक्षर बघितलं, सवयीने गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. सिस्टर त्या दिवशी दुसऱ्या गावी लसीकरणाला गेल्या होत्या. आम्ही बाकावर बसलो. त्याची मान सारखी पुढे कलंडत होती. शेजारच्या बाईने दोनदा नाक मुरडलं, मग आपल्या लेकीचा हात ओढून ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. सर्दीची माणसं आत गेली. खोकल्याची गेली. आमच्यानंतर आलेला एक जण नुसता सही घ्यायला आला होता, तोही गेला.

आमची पाळी आली तेव्हा डॉक्टर घड्याळ बांधत होते. तो उठला, दोन पावलं गेला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

"हं," डॉक्टर म्हणाले. "दिवसाढवळ्या?"

"साहेब, ताप आहे त्यांना. पायात खिळा..."

"बाई, वास खोलीभर पसरलाय. मला शिकवता?"

"तो पायाचा वास आहे. मुकादमाने स्पिरिट ओतलं. तोंडाचा वास घेऊन बघा ना, साहेब. एकदा वाकून बघा."

कंपाउंडर दारात उभा होता, तो म्हणाला, "आता पायाने प्यायला लागलेत, साहेब." बाकावर दोघं-तिघं उरले होते. त्यांना हसायला तेवढं पुरलं.

डॉक्टर वाकले नाहीत. खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. आत्याबाईंनी दोनशे दहा वेळा त्याच्या तोंडाचा वास घेतला होता, या शिकलेल्या माणसाला एकदा वाकायला जमलं नाही. "उतरली की घेऊन या," म्हणाले आणि कागदावर लिहिलं. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. उलटं वाचता येतं मला. 'पिऊन आला. तपासणी झाली नाही.'

तापाची चार गोळ्यांची पट्टी कंपाउंडरने माझ्या हातावर टाकली, वरून, बोट लागू न देता.

परतताना तो निम्म्या बांधावर थांबला आणि मला म्हणाला, "मी प्यालोय का गं?"

"काय बोलता हे?"

"नाही, सगळ्यांना दिसतंय. मलाच कळत नसेल."

मी चिडले. त्याच्यावर चिडले, देवा. म्हटलं, पिऊन आला असं लिहिलं त्यांनी, तोंड उघडून बोलायचं होतंत तिथे, मेल्यासारखे उभे राहिलात. तेव्हा मला वाटत होतं तोच भित्रा आहे. आज वाटतं की ज्याला बारा महिने तेरा काळ दारुडाच म्हटलंय त्याने तिथे काय बोलायचं होतं?

घरी आत्याबाईंनी स्पिरिटचा वास लांबूनच घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. पण त्या उठल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा. मान हलवली. खडा दिला. दोनशे अकरावा. टाकताना खडा बरणीच्या काठावर आपटून खाली पडला. त्याने वाकून तो उचलला आणि पुन्हा टाकला.

सकाळी मी उठले तर तो जागेवर नव्हता. मला वाटलं मिठागरावर गेला, कारण ढग अगदी खाली आले होते आणि मुकादमाने पहाटेच माणसं बोलावली होती. मिठागरावर फळी होती, तो नव्हता. मग मला कळलं. आपल्या माणसाचं हे कळायला वेळ लागत नाही. मी पाटी तिथेच टाकली आणि गुत्त्याकडे पळत सुटले.

तो भिंतीला टेकून बसला होता, दुखरा पाय लांब पसरून. पायावर माश्या. गुत्तेवाली म्हणाली, "मी नको म्हणत होते हो. ऐकेना." ऐकेना म्हणे. ओतत तूच होतीस ना बाई.

त्याने मला बघितलं आणि तो हसला. ते हसणं मी सात महिने बघितलं नव्हतं. "कागदावर लिहिलेलंच होतं," तो म्हणाला. "म्हटलं, डॉक्टरांना खोटं कशाला पाडायचं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. खरं सांगते, मारली. मग तिथेच त्याच्याजवळ बसले आणि त्याचा पाय बघितला. अंगठा आणि शेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं. दाबलं तर त्याला कळत नव्हतं.

मिठागरावरची हातगाडी मी मुकादमाला न विचारता घेतली. तिच्यात मिठाची गोणी अंथरली आणि वर नवऱ्याला घातलं. घरावरूनच रस्ता जातो. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी वास घेतला नाही, घ्यावा लागला नाही. आत गेल्या, बरणी घेऊन आल्या आणि मोरीकडे निघाल्या.

"काय करताय?"

"ओतून टाकते. संपलं."

"आत्याबाई, बरणी खाली ठेवा."

"माझं पोर आहे, माझी बरणी आहे!"

"खडे त्याचे आहेत," मी ओरडले. सासूवर मी बारा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. "तो काल प्याला नव्हता. तुम्ही वास घेतलाय. दुसरं कोण साक्ष देणार? चला माझ्याबरोबर."

त्या मोरीपाशी थांबल्या. मग बरणी पोटाशी धरून गाडीच्या मागे चालायला लागल्या. वाटेत पहिले थेंब पडले, मोठे, गरम. मागे मिठागरावरून मुकादमाच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मिठाचं काही वाटलं नाही.

दवाखान्यात भर गर्दी होती. मी केसपेपर काढला नाही, रांगेत थांबले नाही. गाडी तशीच दारातून आत घातली. चाकांचा चिखल फरशीवर उमटला. कंपाउंडर "ए बाई, ए बाई" करत आडवा आला, तर आत्याबाईंनी त्याला नुसत्या कोपराने बाजूला केलं.

डॉक्टर उठले नाहीत, पण ओरडले. "हा काय तमाशा आहे?"

"काल तुम्ही लिहिलंत, पिऊन आला," मी म्हटलं. "काल तो प्याला नव्हता. आज प्यालाय. आज वाकून वास घ्या, साहेब. आज तुमचा कागद खरा झालाय."

खोलीत कोणी हसलं नाही. आतल्या खोलीतून सिस्टर धावत आल्या. खाली गुडघ्यांवर बसल्या आणि गाडीतला पाय मांडीवर घेतला. त्यांनी बोटं दाबली, घोट्यावर हात ठेवला. मग मान वर करून म्हणाल्या, "सर, इकडे या." सर हलले नाहीत. "सर, इकडे या," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी आवाज वेगळा होता.

तेव्हा डॉक्टर उठले. वाकले. पायाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं होईपर्यंत काय करत होता? कालच का नाही दाखवलंत?"

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. मला वाटलं आता माझ्या हातून काहीतरी होणार. पण माझ्याआधी बोलल्या त्या आत्याबाई. जन्मात ज्या दवाखान्यात 'हो साहेब' पलीकडे बोलल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "काल तिने तुझ्या दारात आणून उभा केला होता. तू घड्याळ बांधत होतास."

डॉक्टरांना 'तू' म्हटलेलं त्या भिंतींनी पहिल्यांदा ऐकलं असेल.

मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावली. ती येईपर्यंत सिस्टरांनी जखम धुतली, सलाईन लावलं आणि लावता लावता त्याला विचारलं, अगदी आम्ही एकमेकांना जेवलात का विचारतो तशा आवाजात, "आज किती घेतलीत?"

"दोन ग्लास."

"त्याआधी शेवटची कधी?"

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, मिठाच्या गोणीवर पडून. आत्याबाईंनी बरणी उचलून सिस्टरांच्या हातात दिली. "दोनशे अकरा आहेत," त्या म्हणाल्या. "मोजून घ्या."

सिस्टर म्हणाल्या, "मोजायचे कशाला, आजी." आणि त्यांनी केसपेपर घेऊन निळ्या शाईने लिहिलं, दोनशे अकरा दिवस बंद, काल नाकारल्यावर आज घेतली. मी उलटं वाचलं. 'नाकारल्यावर' हा शब्द त्यांनी डॉक्टरांसमोर लिहिला आणि कागद त्यांच्यापुढे सहीला ठेवला.

डॉक्टरांनी पेन घेतलं. आधी कालची ओळ खोडायला गेले.

"खोडू नका," मी म्हटलं. "राहू द्या. पुढच्याला वाचता आलं पाहिजे."

त्यांनी सही केली.

मग मी बरणीतून खडा काढणार होते, पण हात थांबला. बरणीतला एकही खडा त्या माणसाला द्यायचा नव्हता मला. गाडीतल्या गोणीच्या शिवणीत खडे अडकले होते, त्यातला एक उपटला. चांगला बोराएवढा. तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी काढून ठेवलेल्या घड्याळाशेजारी. "आजचा दिवस आमच्या बरणीत जाणार नाही," मी म्हटलं. "हा तुमचा. सांभाळून ठेवा."

मोठ्या दवाखान्यात त्याची तीन बोटं आणि पावलाचा तुकडा काढावा लागला. तिथले डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, बरं केलं. मिठागर त्या वर्षी निम्मं वाहून गेलं. मुकादम म्हणतो, मी हातगाडी नेल्यामुळे. म्हणू दे. फळी ओढायला दोन पाय लागतात, तेव्हा आता माझा नवरा ढिगावर बसून गोण्या शिवतो. आत्याबाई संध्याकाळी वास घेतात. मोठ्या दवाखान्यातून आला त्या दिवशी त्याने विचारलं होतं, बरणी रिकामी करायची ना आता? आत्याबाई म्हणाल्या, "कोण म्हणतं? वाक." आणि त्यांनी दोनशे बारावा खडा दिला.

पट्टी बदलायला आम्ही दर आठवड्याला दवाखान्यात जातो. लाल पेन आता कंपाउंडरच्या खिशात दिसत नाही. त्याचा हात सवयीने अजून गठ्ठ्याच्या तळाकडे जातो, मग सिस्टरांकडे बघून तो कागद वर घेतो. डॉक्टर परवा माझ्या नवऱ्याला "बसा" म्हणाले. आधी 'तू' होता, आता 'बसा'. मला त्याने काडीचाही आनंद झाला नाही. तीन बोटं द्यावी लागली त्या एका शब्दासाठी.

बाहेर पाऊस धरलेला होता. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. मी टेबलाकडे बघितलं. घड्याळाशेजारी एक ओला डाग तेवढा होता आणि त्याच्या कडेला दोन कागद पुरीसारखे फुगून एकमेकांना चिकटले होते.

कंपाउंडर कुरकुरला, "बाई, तुमचा तो खडा विरघळला. सगळे कागद भिजवले त्याने."

मी कमरेची पिशवी सोडली, दुसरा खडा काढला आणि त्याच डागावर ठेवला.

"याचंही पाणी झालं की सांगा," मी म्हटलं. "आमच्याकडे मीठ पुष्कळ आहे."